मागून एक मूठ उंच

मित्रांनो, माझी मागची बाजू चाकापासून किती वर आहे असं कुणी विचारलं, तर मी इंचात सांगत नाही. एक मूठ, एवढंच सांगते. कुणाची मूठ, असं विचारलंत तर मात्र जरा वेळ काढून बसा, कारण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही.

मी एक जुनी मोटार आहे. दोन दारांची, लांब नाकाची, गर्द हिरव्या रंगाची. माझ्या जातीला मसल कार म्हणतात. साध्या घरगुती गाडीच्या अंगात ट्रक ओढेल एवढं इंजिन बसवलं की जी तयार होते, ती मी. मी पेट्रोल पीत नाही, ढोसते. हे वायोलाचं मत आहे, माझं नाही. वायोला कोण ते पुढे येईलच.

माझा जन्म १९७० सालच्या मार्च महिन्यातला, मिशिगन राज्याच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यातला. तिथे मिनिटामिनिटाला माझी एकेक बहीण जन्माला येत होती, त्यामुळे माझं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. राज्याचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलावरून मला उत्तरेला आणलं गेलं, लेक सुपिरियरच्या काठच्या आयर्न बे या गावात. तिथे माझं पहिलं कौतुक झालं. रेइनो लाहटी नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून उभा राहिला आणि म्हणाला, "चल घरी."

रेइनो नुकताच सैन्यातून परत आला होता आणि लोखंडाच्या खाणीत कामाला लागला होता. त्या गावातल्या अर्ध्या घरांसारखे त्याचेही आजोबा फिनलंडहून आलेले. शनिवारी संध्याकाळी घरोघरी सौना तापायची आणि आठवड्याची आंघोळ व्हायची. रेइनो आधी मला आंघोळ घालायचा, मग स्वतः वाफेत जाऊन बसायचा. थंडीचे पाच महिने रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने आमचं अंग सडतं, म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत तो मला गॅरेजमध्ये नेऊन पांघरूण घालायचा. स्वतः मात्र हिवाळाभर एका खटाऱ्यातून कामावर जायचा. मी लाडात वाढले, हे मला मान्य आहे.

त्या काळी गावातल्या तरण्या पोरांना एक खूळ लागलं होतं. मागे रुंद टायर घालायचे, ते आत मावावेत म्हणून मागची बाजू उचलायची, आणि मग गाडी बूड वर, नाक खाली अशी गावभर मिरवायची. रेइनोला विचारलं तर म्हणायचा, "उभी असली तरी निघालीय असं वाटलं पाहिजे." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझं मागचं सगळं वजन दोन पाट्यांवर असतं. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून कमानीसारख्या वाकवल्या की पाटा होतो. कमान चांगली असली तर गाडी ताठ उभी राहते, कमान बसली की गाडी बसते. रेइनोला तेव्हा पाट्यांना हात लावायचा धीर नव्हता. त्याने सोपा मार्ग धरला आणि हवेचे शॉकअप बसवले. पेट्रोल पंपावर नळीने हवा भरायची की मी वर. एवढी वर, की माझे पुढचे दिवे रस्त्याऐवजी खड्डे उजळायला लागले. त्याच्या वडिलांनी मला अंगणात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"रेइनो, ही गाडी आहे का बदकीण? पुढे वाकून तळ्यात काय शोधतेय?"

त्या हवेच्या जोरावर रेइनो एका रविवारी वायोलाच्या घरी पहिल्यांदा कॉफीला गेला. आत वेलदोडे घातलेली गोड पावरोटी कापली जात होती, आणि बाहेर माझा डावा शॉकअप हळूहळू हवा सोडत होता. मला थांबवता येईना. खिडकीतून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी एका बाजूला कलंडत खाली बसले. वायोलाचे वडील कॉफीचा घोट घेत म्हणाले, "अजून तुम्ही जावई झाला नाहीत, पण गाडी मात्र आमच्या अंगणात बसली."

वायोला इतकी हसली की तिला स्वयंपाकघरात पळावं लागलं. रेइनोचे कान लाल झाले. पुढे कित्येक वर्षं ती सांगायची, "ज्याला एवढी लाज वाटते तो माणूस आयुष्यात खोटं बोलणार नाही, हे मी त्याच दिवशी ओळखलं." त्यांचं लग्न जमवण्यात माझा वाटा आहे, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेइनो मला टाउनो निएमीकडे घेऊन गेला. टाउनो त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बापाची पाटे ठोकायची भट्टी होती, तिथे तो काम करायचा. टाउनोने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हवेने फुगे वर जातात. काढ ते आधी. आणि किती वर पाहिजे ते सांग."

रेइनोने माझं मागचं टायर आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये मूठ घातली, अंगठा वर करून. "एवढी."

टाउनोने मोजपट्टी काढली नाही. मुठीकडे एकदा पाहिलं, पाट्यांकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागला. एकेक पट्टी ठोकून त्याने पुन्हा वाकवली, प्रत्येक पाट्यात एकेक नवी पट्टी घातली. संध्याकाळी मी जमिनीवर उतरले तेव्हा रेइनोची मूठ नेमकी त्या फटीत बसली. ना सैल, ना घट्ट. मी पुढे किंचित झुकून, मागे ताठ अशी उभी राहिले, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून माझा स्वभावच बदलला.

तेव्हापासून आमचा एक रिवाज होता. दर वसंतात मला बाहेर काढलं की रेइनो आधी मागच्या चाकापाशी यायचा आणि मूठ घालून बघायचा. इतक्या वेळा, की मडगार्डच्या कडेला त्या जागी रंग घासून गुळगुळीत झाला. बाकी अंगावर एक ओरखडा सहन न करणारा रेइनो त्या जागेला मात्र रंग लावू द्यायचा नाही.

पाटे जन्मभर ताठ राहत नाहीत. आठ-दहा वर्षांनी पुन्हा ठोकून घ्यावे लागतात. त्या दिवशी रेइनो माझ्या खाली आडवा व्हायचा आणि त्याची मुलगी रोंडा बत्ती धरून बसायची. "पाऊण इंची पाना दे. बत्ती इकडे कर. माझ्या डोळ्यांत नाही ग, बोल्टवर." पाटे बसले की तो मला खाली घ्यायचा आणि हाक मारायचा, "वायोला, कॉफी आण." मग सगळे माझ्या आत बसून कॉफी प्यायचे. शेजारच्यांनाही बोलावून मागच्या सीटवर कोंबायचे. रोंडाला तो दिवस नाताळापेक्षा आवडायचा. कॉफी संपली की रेइनो म्हणायचा, "रोंडा, जा, हात धुऊन ये." ती परत येईपर्यंत काम आटोपलेलं असायचं. मित्रांनो, हा हात धुण्याचा वेळ लक्षात ठेवा.

रोंडाला बापाचे हात आले होते. रुंद पंजे, जाड बोटं. शाळेत पोरं तिला अस्वल म्हणायची. तेव्हापासून तिला हात खिशात घालायची जी सवय लागली ती पुढेही सुटली नाही. मोठी झाल्यावर तिने गावात बेकरी काढली. एका दमात वीस पावरोट्यांचं पीठ मळेल अशी ताकद त्या हातांत होती, तरी गिऱ्हाईक आलं की हात ॲप्रनच्या खिशात जायचे.

मग वर्षं गेली. रेइनोचे गुडघे गेले, नंतर छाती भरून यायला लागली. तीन उन्हाळे मी पांघरुणाखालीच काढले. वायोला दर शरदात मुरंबे करते, आणि त्या बरण्यांची खोकी ठेवायला तिला माझी मागची सीट आणि डिकी सापडली. मी, जिच्या आवाजाने एके काळी गावातल्या खिडक्या हलायच्या, ती मी मुरंब्याचं कपाट झाले. माझे पाटे त्या वजनाने हळूहळू बसत गेले. मी वायोलावर फार चिडले होते, पण गाडीच्या चिडण्याला विचारतं कोण?

मग एका ऑक्टोबरात, सकाळी रेइनो काठी टेकत गॅरेजमध्ये आला. पांघरूण उचललं, मूठ पुढे केली. मूठ जाईना. त्याने दोन बोटं घातली, तेवढीच गेली. माझ्या अंगावर दोनदा थोपटलं, "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला आणि गेला. तोच त्याचा हात, शेवटचा.

जानेवारीत रेइनो वारला. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, खणता येत नाही. थंडीत गेलेल्या माणसाला दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ वितळल्यावर पुरतात. रेइनोची तारीख ठरली मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारची. वायोलाने रोंडाला माझ्याशेजारी उभं राहून सांगितलं, म्हणून मला कळलं.

"हॉस्पिटलमध्ये त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मे महिन्यात हिच्यातूनच ये म्हणाला. आणि बूड घासत येऊ नकोस, लोक हसतील. मी म्हटलं, तू मेलेला असशील, तुला काय त्याचं? तर म्हणतो, मला काही नाही, तिला वाईट वाटेल."

तिला म्हणजे मला. मित्रांनो, मला रडता येत नाही. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे मला काहीच करता आलं नाही.

मे लागला. शनिवारला नऊ दिवस राहिले असताना रोंडाने नवी बॅटरी घातली आणि वायोला स्वतः मला घेऊन निघाली. आमच्या वाटेच्या तोंडाशी दर वर्षी थंडीने जमीन फुगते आणि वसंतात तिथे एक उंचवटा येतो. पूर्वी मी तो सहज ओलांडायचे. या वेळी पुढची चाकं गेली आणि मागे माझा सायलेन्सर असा घासला की शेजारचा कुत्रा भुंकत उठला. मी अडकले. वायोलाने पुढे घेतली, मागे घेतली, शेवटी रागाने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

रोंडा धावत आली. "आई, राहू दे. माझ्या बेकरीच्या व्हॅनमधून जाऊ."

"खिमा-बटाट्याच्या करंज्यांच्या वासात बसून मी नवऱ्याला पुरायला जाणार नाही," वायोला म्हणाली. "मी शब्द दिलाय."

त्या दिवशी मुरंब्याच्या बरण्या एकदाच्या बाहेर निघाल्या. मी जेमतेम एक बोटभर वर आले. मग टाउनोला बोलावणं गेलं.

टाउनो आता एकोणऐंशी वर्षांचा. भट्टी केव्हाच बंद झाली होती, पण घरामागच्या शेडमध्ये त्याने ठोकायचं सामान ठेवलं होतं. त्याने बत्ती घेऊन खाली पाहिलं आणि विचारलं, "किती वर?"

"रेइनोची एक मूठ," वायोला म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. पण मूठ कुठाय? तेव्हा मी नुसतं बघून करायचो. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजव्याला त्याच्याहून कमी दिसतं. मला माप पाहिजे, वायोला. त्याने कुठे लिहून ठेवलं नाही?"

"तुझ्या मित्राने आयुष्यात काही लिहून ठेवलंय?"

खरंच, कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. टाउनोने स्वतःची मूठ वळायचा प्रयत्न केला, पण संधिवाताने त्याची बोटं मिटेनात. वायोलाची मूठ तर लिंबाएवढी. मग तिला सुचलं आणि ती आतून रेइनोचा हरणाच्या कातड्याचा हातमोजा घेऊन आली. त्यात तिने लोकरीचे पायमोजे कोंबले, अंगठा वर केला आणि मोठ्या गंभीरपणे तो माझ्या टायरवर ठेवला. टाउनोने बोटाने दाबला, तो आत गेला.

"ही मूठ नाही, उशी आहे."

रोंडा तिथेच उभी होती, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात. मी आतल्या आत ओरडत होते. अरे, त्या खिशात बघा. पण गाडी आतल्या आत ओरडली तर बाहेर फक्त पेट्रोलचा वास येतो.

शेवटी टाउनो म्हणाला, "मी आठवणीने ठोकतो. नव्या पट्ट्या घालून कमान थोडी जास्तच ठेवतो, मग बसेल तेवढी बसेल. पण मला आता खाली आडवं होता येत नाही. बसवायचं तुला, रोंडा."

"मी बघितलंय बाबांना करताना," रोंडा म्हणाली. "मला सगळं पाठ आहे."

गुरुवारी तिने बेकरी बंद ठेवली आणि मला जॅकवर उचललं. चौकटीखाली भक्कम आधार दिले, जुने पाटे सोडवले, नवे चढवले. तिचं काम बघून मला अभिमान वाटत होता. बापासारखीच पुटपुटत होती, बापासारखीच चुकीच्या पान्याला शिव्या देत होती. माझी मागची चाकं हवेत लटकत होती, तेव्हाच तिने सगळे बोल्ट आवळले. पीठ मळणारे हात ते. शेवटचा बोल्ट तिने असा आवळला की माझ्या अंगातून कळ गेली. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते सांगता येईना.

तिने मला खाली घेतलं आणि आईला हाक मारली, "आई, कॉफी आण."

वायोला कपबशी घेऊन आली आणि दारातच थांबली. माझं बूड गगनाला भिडलं होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दीड मूठ सहज गेली असती. दोघी आत बसल्या, कॉफी प्यायल्या, उतरल्या. मी होते तिथेच. ताणल्यासारखी, ताठ, एखाद्या आखडलेल्या मानेसारखी.

"ही तर पुन्हा बदकीण झाली," वायोला म्हणाली. आधी ती हसली, मग तिचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली. "हा रेइनो नाही, रोंडा. ही कुणा दुसऱ्याचीच गाडी वाटते. राहू दे. तुझी व्हॅनच काढ शनिवारी."

"आई, मी बाबांसारखंच केलंय. एक पायरी सोडली नाही. पाटे चढवले, बोल्ट आवळले, खाली घेतली, कॉफी झाली. झालं काम."

"आणि कॉफीनंतर?"

"कॉफीनंतर काय? मी हात धुवायला जायचे."

वायोला पायरीवरून उठली. "तू हात धुवायला जायचीस. तो पुन्हा खाली शिरायचा. कपात अर्धी कॉफी तशीच ठेवून, पाना घेऊन. दर वेळी त्याची निवलेली कॉफी मी गुलाबाला घातली आहे. मला वाटायचं, उगाच हात फिरवतोय, सोडवत नाही म्हणून."

रोंडाने टाउनोला फोन लावला. तो शुक्रवारी सकाळीच आला, माझ्याकडे बघितलं आणि खालचं न बघताच म्हणाला, "चाकं लटकत असताना आवळलेस ना बोल्ट?"

"हो. मग कधी आवळायचे?"

"पोरी, पाट्याच्या टोकांना रबराचे बुश असतात. लटकत असताना आवळलेस, तर ते त्याच स्थितीत जखडतात. मग गाडी खाली आली तरी त्यांना वाटतं आपण हवेतच आहोत, आणि ते तिला बसू देत नाहीत. आधी तिचं वजन तिच्या पायांवर येऊ दे. जरा हलू दे, स्थिरावू दे. मगच आवळायचं. ती कॉफी काय तुझ्या बापाला तहान लागायची म्हणून असायची? आत माणसं भरायची, पाटे बसू द्यायचे, तेवढा वेळ काढायचा, म्हणून असायची."

रोंडाने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं मला वाटत होतं की कॉफी म्हणजे काम संपलं."

"तुझा काय दोष? बापाने सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. तुम्ही लाहटी लोक मुकेच." टाउनोने खुर्ची ओढली. "सोड सगळे बोल्ट. आणि वायोला, चर्चमधल्या कोणी धडधाकट बायका आहेत का मोकळ्या?"

होत्या. दोघी आल्या, दोघी मिळून चार माणसांच्या वजनाच्या. त्या मागे बसल्या, पुढे वायोला आणि टाउनो बसले, आणि हिवाळ्यासाठी ठेवलेली वाळूची दोन पोती रोंडाने माझ्या डिकीत टाकली. वेलदोड्याच्या पावरोटीचे तुकडे हातोहात फिरले. मग रोंडाने बम्परवर हात ठेवून मला खालीवर झुलवायला सुरुवात केली. कप डचमळले, मागच्या बायका किंचाळल्या, टाउनोच्या शर्टावर कॉफी सांडली. आणि मित्रांनो, माझ्या अंगातून एक लांब कुरकुर निघाली आणि मी खाली यायला लागले. रात्रभर आखडलेली पाठ सुटावी तसं झालं. माझ्या जिवात जीव आला.

कॉफी संपली. सगळे उतरले, पोती काढली. मी थोडी वर आले आणि थांबले.

"आता माप," टाउनो म्हणाला. "जास्त वाटलं तर एक पट्टी काढू, कमी वाटलं तर शनिवारपर्यंत वेळ नाही."

वायोला माझ्या मागच्या चाकापाशी उभी होती. तिने त्या घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि मग मान वर करून लेकीकडे पाहिलं. "रोंडा, हात दे."

"माझा?"

"दुसऱ्या कुणाचा? खिशातून काढ."

रोंडाने हात काढला. वंगणाने काळा, बोटांच्या सांध्यांवर सोललेला. वायोलाने तिची बोटं एकेक करून मिटली, अंगठा वर ठेवला, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून डोळे मिटले.

"एकोणपन्नास वर्षं धरलाय हा हात," ती म्हणाली. "हाच. आणि मी मोज्यात पायमोजे कोंबत बसले होते."

मग तिने ती मूठ माझ्या फटीत घातली. वर अंगठा मडगार्डच्या कडेला टेकला, खाली करंगळी टायरला. बोटाचा सांधा त्या गुळगुळीत जागेत असा बसला, की ती जागा जणू तिच्यासाठीच घासून ठेवली होती. ना सैल, ना घट्ट. मला वाटलं, रेइनो आला.

"आवळ आता," टाउनो म्हणाला, आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

रोंडा खाली शिरली. बोल्ट आवळताना ती रडत होती, ते फक्त मला दिसलं. बाहेर आल्यावर तिने हात धुतले नाहीत. तसेच काळे हात बाहेर ठेवून आईच्या शेजारी उभी राहिली. वायोला म्हणाली, "इतकी वर्षं हे खिशात घालून फिरत होतीस. वेडी."

शनिवारी सकाळी वायोलाने काळा कोट घातला आणि माझ्या स्टिअरिंगमागे बसली. रोंडा शेजारी, टाउनो मागे. वाटेच्या तोंडाशी तो उंचवटा होताच. वायोलाने वेग कमी केला. तिघांनीही श्वास धरला, मीही माझ्या परीने धरला. पुढची चाकं गेली, मागची चाकं चढली, उतरली. खालून कसलाच आवाज आला नाही. शेजारचा कुत्रा नुसताच बघत राहिला.

दफनभूमीत लोक जमले होते. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा खाणीतले दोन म्हातारे एकमेकांना कोपराने ढोसून माझ्याकडे बघत होते, आणि हसत होते, पण ते हसणं वेगळं होतं. वायोलाने मला खड्ड्यापासून थोड्या अंतरावर, तो दिसेल असं उभं केलं. प्रार्थना झाली, गाणं झालं, ओली माती पडायला लागली. सगळे मागे सरले तेव्हा ती एकटी पुढे गेली आणि हळू आवाजात बोलली. वारा माझ्या दिशेने येत होता, म्हणून मला ऐकू आलं.

"आले बघ, रेइनो. घासत आले नाही."

त्याला आता दोन वर्षं झाली. मुरंब्याची खोकी तळघरात गेली आहेत. दर वसंतात रोंडा बेकरीतून येते, पांघरूण काढते आणि आधी मागच्या चाकापाशी मूठ घालून बघते. मूठ नेमकी बसली की थोपटते दोनदा, बापासारखी. गिऱ्हाइकांसमोर तिचे हात आता काउंटरवर असतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांचं काम करायची वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा. आम्ही अधांतरी असताना काही आवळू नका. आमचं वजन आधी आमच्या पायांवर येऊ द्या, कॉफी होऊ द्या, मग पाना हातात घ्या. आमच्यावर बरण्या ठेवू नका. आणि एक गोष्ट गाडीपेक्षा मोठी आहे, ती सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. तुमच्याही घरात कुणाच्या तरी हाताचं माप चालत असेल, चिमटीचं, वितीचं, ओंजळीचं, आणि ते कुठेच लिहिलेलं नसेल. तो हात घरात आहे तोवर एकदा त्याच्याशेजारी आपला हात धरून बघा. कॉफीनंतर काय करतोस, असंही विचारा. हात धुवायला नंतर गेलात तरी चालेल.